बांडगूळ उतरवताना

आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ दिसतं मात्र टवटवीत! तुकतुकीत पानं, केशरी फुलं. फक्त जमिनीत मूळ नाही.

"काप की, बघत काय बसलीस?" शिडी धरून अण्णाकाका खालून ओरडले.

आजोबांनी ही बाग कुणा एकाच्या नावावर न करता आम्हा सगळ्या नातवंडांसाठी तिचा ट्रस्ट केला. अण्णाकाका त्याचे विश्वस्त. दर मे महिन्यात दारात आंब्यांची पेटी येते, आम्ही फोनवर "गोड होते हो, काका" म्हणतो. लाभार्थीचं काम तेवढंच, असा घरातला समज. यंदाच्या ट्रस्टच्या बैठकीत मी विचारलं, "काका, आंबा दरवर्षी कमी का येतोय?"

काकांनी मला थेट या झाडाखाली आणलं. मग म्हणाले, "शिडी चढशील?"

चढले. फांदीसकट बांडगूळ धाडकन खाली आलं आणि झाडाच्या पोटात एकदम आभाळ उघडलं. वारसा मिळतो तेव्हा नुसता मिळतो. आपला होतो तो असा, खांदे भरून आल्यावर.

"आता मोहोर धरेल," काका म्हणाले. कोयता त्यांनी परत मागितला नाही.

येत्या मे महिन्यात माझ्या दारात पेटी येणार नाही. ती भरायला मी बागेत असेन!