चाचांच्या हरवलेल्या पुड्या

रिवाइंडिंगवाले चाचा बोलायला लागले की समोरच्याने दोन पावलं मागे सरायचं, हा बाभुळगावातला सर्वमान्य नियम होता. तोंडात कायम खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो ऐवज गालात ठेवून ते शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी उघडत आणि बोलताना गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर नक्षी काढत. मी त्यांची शेजारीण, शाळेत पोरांना तंबाखूमुक्तीची शपथ देणारी बाई. माझ्याशी ते मान वर करून, छताकडे बघत बोलत. तेवढा मान त्यांनी राखला.

त्यांची एक तक्रार वर्षानुवर्षं चालली. खुंटीवरच्या सदऱ्यातून खर्ऱ्याच्या पुड्या नाहीशा होत. आळ आधी पानठेलेवाल्यावर आला, मग उंदरांवर, मग जावयावर. "जावई भला मानूस हाय मॅडम, पण पुडी जाते कुठं मंग?" त्यांची बायको, म्हणजे आमच्या चाची, बिचाऱ्या पलंगाखाली वाकून पुडी शोधू लागायच्या.

चाचींची शेवंतीची एकच कुंडी होती, पण दिवाळीला माझ्या देवांना फुलं तिथूनच यायची. पावसाळ्यात बिनशंखाच्या चिकट गोगलगायी माझी रोपं फस्त करायच्या; भिंतीपलीकडच्या त्या कुंडीला मात्र कधी एकीचंही तोंड लागलं नाही. काय घालता, असं विचारलं की चाची म्हणायच्या, "कुछ नहीं मॅडम, घरातला कचरा."

चाची एका हिवाळ्यात गेल्या. पुढच्या पावसाळ्यात गोगलगायी शेवंतीवर उतरल्या. जन्मात झाडाला तांब्याभर पाणी न घातलेला माणूस रोज सकाळी कुंडीपुढे उकिडवा बसू लागला. "तिची एवढीच निशाणी उरली, मॅडम. थेबी खाऊन राह्यल्या. काही तरी सांगा."

सांगणं हा तर माझा धंदाच. मी राख सांगितली, ती पहिल्याच सरीत वाहून गेली. ओलं गोणपाट पसरा, खाली जमतील त्या वेचा, म्हटलं. त्यांनी वेचल्या, पण मारवेनात म्हणून भिंतीवरून पलीकडे टाकल्या. पलीकडे माझी बाग. शेवटी वैतागून म्हटलं, मिठाच्या पाण्यात टाका. चाचांनी मीठ नेमकं कुंडीत टाकलं आणि शेवंतीच पिवळी पडली.

"मोटर जळली तं मी बोलत नाई बसत," ते चिडून म्हणाले, "उकलून पाह्यतो." खारट माती काढायला त्यांनी कुंडी उलटी केली. मातीतून सुपारीची खांडं निघाली. मग प्लास्टिकच्या पन्नीचा एक तुकडा निघाला, गाठ तशीच होती. ती गाठ चाचा तीस वर्षं रोज सोडत आले होते. ते इतके हसले की ठसका लागला, आणि ठसक्यातूनच रडू लागले. "बुढी माह्यासंग पलंगाखाली शोधत होती, मॅडम."

त्या दिवसापासून ते रोज एकच पुडी आणत आणि ती शेवंतीला घालत. गोगलगायी हटल्या. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, चाचा हल्ली माझ्याकडे बघून बोलतात.

पुढे गुडघे गेले आणि लेक त्यांना वणीला घेऊन गेली. "तिकडं कोळशाची धूळ हाय, इले नाई सोसनार," म्हणून कुंडी माझ्या ओट्यावर आली. मी पानठेल्याची पायरी चढणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे पावसाळाभर ओळखीच्या कंडक्टरच्या हाती एसटीने पुड्या यायच्या. फोनवर ते आधी शेवंतीची तब्येत विचारत, मग माझी.

यंदा आषाढात लेकीचा फोन आला. चाचा गेले. पुड्या थांबल्या आणि आठवडाभरात शेवंतीच्या पानांना भोकं पडली.

मी छत्री घेऊन पानठेल्यावर गेले. तिथे माझे तीन माजी विद्यार्थी उभे होते. तिघांनीही तोंडातलं गिळून टाकलं. मी खर्रा मागितला. ठेलेवाल्याचा हात थांबला.

"मॅडम, चुना कमी की जास्त?"

मी मान वर केली आणि छताकडे बघत म्हटलं, "चाचा घ्यायचे तसा."