भुलाबाईची आंघोळ

त्या दिवशी घरात मी होती, सून होती, पोरगा होता, शेजारची काकू साखर मागाले आलती, अन् फळीवर रांगेनं बसलेल्या भुलाबाया होत्या. त्यायलेबी मी घरच्या माणसातच धरते.

कोजागिरीपर्यंत पोरी जिच्यापुढं गाणे म्हणतेत, ती मातीची रंगवलेली भुलाबाई. पोराचे बाबा चितारओळीत मूर्त्या रंगवत. दरसाल एक घरी ठेवत. रंगवलेल्या हरेकीच्या हनुवटीखाली काळा तीळ देत, तीच त्यायची खूण. ते गेले, पोरगा लहान होता. मी मनीषनगरात धुणीभांडी केली. इतवारीत पितळेची भांडी मोडली, भुलाबाया नाही मोडल्या. भाड्याची खोली बदलली का लुगड्याच्या धडप्यात गुंडाळाच्या, घमेल्यात ठेवाच्या, डोक्यावर घेऊन चालाचं. गळक्या खोलीत त्या कोरड्या जागेवर, आम्ही ओल्यात.

आता हुडकेश्वरले घर आहे. रस्त्याची धूळ लई. मी पोराच्या बाबाच्याच दाढीच्या ब्रशनं ती झटकत जाओ. पाणी नाही, उदबत्तीचा धूर नाही. दुसऱ्या कोणाले हात लावू नाही दिला.

दिवाळीची साफसफाई चालू होती. सुनेनं पितळेचे देव चिंचेनं घासले. मंग तिले वाटलं, देवायची आंघोळ झाली, भुलाबाईनं काय पाप केलं? पोराच्या बाबाच्या हातची शेवटची भुलाबाई तिनं परातीत बसवली.

"आई वं!"

मी धावली. परातीतलं पाणी गुलाबी झालतं. भुलाबाईचं तोंड पांढरं फट, डोळे गेले.

सून पदरानं टिपाले गेली. मी म्हटलं, "थांब, पुसू नको. हात नको लावू. सावलीत वाळू दे."

काकू म्हणे, "व माय! दिवाळीची आंघोळ घातली अन् उटणं नाही लावलं का वं?"

सून रडत रडत म्हणे, "लावलं नं काकू."

मले हसू आलं. डोळ्यात पाणीबी होतं.

पोरगा म्हणे, "आई, चितारओळीतून रंगवून आणतो. तशीच करून देतेत."

"तशी नाही होत गा. ते दुसऱ्याच्या हातचे डोळे होतीन. राहू दे."

वाळल्यावर मी तिले उचलून पाह्यलं. हनुवटीखाली पाणी पोचलं नव्हतं. तीळ होता.

सून दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिले फळीपुढं उभं केलं अन् ब्रश हातात देला. म्हटलं, "वरून खाली झटकाचं, दाबाचं नाही. माहे हात आता थरथरतेत." तिनं बिनडोळ्याची पहिले झटकली. लई हळू. जसं लेकराचं तोंड.

तुमच्या घरी मातीची जुनी भुलाबाई असन, तर तिले पाणी लावू नका, कोरड्या ब्रशनं झटका. अन् हनुवटीखाली तीळ असन, तर रंग उडाला तरी नवा देऊ नका.