चारीच्या अलीकडची घोडी

माझ्या लग्नातली घोडी उडी मारायला तयार झाली नाही, हे आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सांगणारे आपापल्या सोयीने सांगतात. मी तर तिच्या पाठीवरच बसलेला होतो, तेव्हा मलाच सगळ्यात जास्त कळलं असणार, असं लोकांना वाटतं. पण मला तेव्हाही काही कळत नव्हतं आणि आजही सगळं कळलंय असं नाही.

लग्न मुलीच्या गावी होतं, शिरूर अनंतपाळहून थोडं आत. आम्ही निलंग्याचे, मी नांदेडला नोकरीला. स्थळ मामांनी आणलं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज अडतीच्या दुकानात कमावलेला. वडील गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिनं मला एकच गोष्ट विचारली, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी तोंड उघडेपर्यंत मामा बोलून मोकळे झाले, "त्याला काय वाटायचंय? आमाला पसंत हाय." सगळे हसले. मुलगी हसली नाही.

मला ती आवडली होती. फार आवडली होती. पण ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही, आणि जिनं विचारलं तिला मामांनी उत्तर दिलं. तिचं आधी एक ठरलेलं लग्न मोडलं होतं. तिच्या वडिलांनी ते आपणहून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तांब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाला घोड्यावर बसवून वेशीतल्या मारुतीला नेतात आणि तिथून वाजतगाजत मांडवात आणतात. आमच्याकडे याला परण्या म्हणतात. मारुतीला नमस्कार करून एकदा घोड्यावर बसलं की मांडव येईपर्यंत नवरदेवाचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, अशी मामांची सक्त ताकीद होती. आमच्या वऱ्हाडाचा मुक्काम, म्हणजे जानोसा, वेशीजवळच्या शाळेत होता, मांडव गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या रस्त्यावर नळाच्या पाइपासाठी आडवी चारी खणून ठेवलेली. चारी काही विहीर नव्हती. माणसं दोन फळ्यांवरून ये-जा करत होती. घोड्याला काय, टुणकन उडी मारेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. घोडीला विचारायचं राहून गेलं.

ती चारीपाशी आली, खाली वाकून वास घेतला आणि उभी राहिली.

मला समोरचं धड दिसत नव्हतं. मुंडावळ्यांच्या लडी नाकावर लोंबत होत्या, डोक्यावर बाशिंग, हातात कट्यार, आणि लगाम मालकाच्या हातात. मालक चकचक करत होता. मामा ओरडले, "वाजवा रे जोरात! वाजवल्याबिगर जनावराला जोर येत न्हाई." हलगीवाल्यांनी हात मोकळे सोडले. घोडीला खरोखरच जोर आला. तिनं मान ताठ केली, पुढचे पाय आळीपाळीने उचलले आणि जागच्या जागी नाचायला लागली. पायातले घुंगरू, पाठीवरची आरशांची झूल आणि वर मी, असे सगळे मिळून हललो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मोबाइल वर झाले. वाजवणं जितकं वाढलं तितका नाच वाढला, आणि चारी होती तिथंच राहिली.

"अरे, हिला उडी शिकवली का न्हाई?" मामांनी मालकाला विचारलं.

"मामा, माळेगावच्या जत्रेतून आणली, ती नाचायची म्हणून आणली," मालक म्हणाला. "उडी मारायला कुणी सांगितलंच न्हाई कधी. ती तरी काय करंल?"

मग उपाय सुरू झाले. कोणी पलीकडून गुळाचा खडा दाखवला. घोडीनं मान लांब केली, ओठ पुढं काढले, पण पाय हलवला नाही. मागे नेऊन पळवत आणली, तर ती काठावर येऊन अशी थबकली की मी तिच्या मानेवर जाऊन पडलो आणि बाशिंग एका कानावर आलं. फळ्यांवर एक खूर ठेवला, फळी वाजली, खूर परत. डोळ्यांवर उपरणं बांधलं तर जागीच खांबासारखी उभी. कोणीतरी नारळ फोडला. एका म्हातारीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, घोडीवरून की माझ्यावरून ते समजलं नाही. एकानं चाबूक मागितला, तेव्हा "मारू नका" असं मी म्हणालो, पण हलगीत ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

चारी बुजवावी तर पाइप उघडा होता, तो फुटेल म्हणून गावकरी आडवे आले. दुसरी वाट होती, पण ती स्मशानावरून. नवरदेव तिकडून नेतात होय? ऊन चढत होतं. मुहूर्त साडेबाराचा. मला तहान लागली होती, लाज वाटत होती, आणि आपण कुठल्या बाजूचे आहोत तेही उमजत नव्हतं. कधी वाटायचं, घोडीचा राग यावा. कधी वाटायचं, एवढ्या माणसांत हीच एक शहाणी आहे, नको म्हणजे नको म्हणते. मधेच तिच्या कातडीखाली काहीतरी थरथरलं ते माझ्या मांडीला जाणवलं. ती घाबरली होती की मी, हेही मला वेगळं काढता येईना.

आणि मग ते बोलणं सुरू झालं.

आधी मागच्या बायकांत कुजबूज झाली. मग मामा माझ्या पायाशी आले आणि हळू आवाजात बोलले. मामांचा हळू आवाज म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जातो. "मुक्या जनावराला कळतं बाबा. पोरीचा पायगुण आत्ताच दिसायलाय. एक डाव मोडलेलंच हाय ते. माघारी फिरावं का, बोल."

मला "बोल" म्हणाले खरे, पण माझ्याकडे न बघता ते निलंग्याच्या वडीलधाऱ्यांकडे बघत होते, आणि त्यातल्या दोघांनी मान डोलावली. आम्ही फिरलो असतो तर घोडीला कोणी नावं ठेवली नसती. नळाच्या कंत्राटदारालाही नाही. लातूरपर्यंत एकच सांगितलं गेलं असतं, की तिच्या दारात जायला घोडीसुद्धा तयार झाली नाही. मग तिसरं स्थळ कोण आणणार? हे सगळं मला वर बसून स्वच्छ दिसत होतं, आणि तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. मामांसमोर बोलायची सवय नव्हती, एवढंच कारण. इतकं साधं कारण असतं आणि त्यावर एखाद्या मुलीचं आयुष्य अडतं, याचा मला आजही संताप येतो.

पलीकडची गर्दी हलली आणि मधून ती आली. नवरी. हिरवा शालू, एका हातात निऱ्या धरलेल्या, मागून तिची आई "अगं, अगं, मांडव सोडून कुठं?" करत पळतेय. कुजबूज तिथपर्यंत पोचली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती. हलगी आपोआप थांबली. घोडीचा नाचही थांबला.

तिनं मामांकडे पाहिलं नाही. मुंडावळ्यांच्या लडींतून मला शोधलं आणि चारीच्या त्या काठावरून मोठ्यानं विचारलं, "घोडी येत न्हाई, ते कळलं. तुम्ही येताय का?"

मामांनी तोंड उघडलं, "त्याला काय..."

"येतो," मी म्हणालो.

कट्यार मालकाच्या हातात दिली आणि उतरलो. मामा काहीतरी ओरडले, माझ्या आईनं तोंडाला पदर लावला. दोन फळ्या तिथंच होत्या, त्यांच्यावरून गेलो असतो तर शहाणपणाचं झालं असतं. पण मला फळ्या दिसल्याच नाहीत. दोन पावलं मागे गेलो आणि उडी मारली. ती पुरली नाही. एक पाय काठावर, दुसरा घोट्यापर्यंत चिखलात, मोजडी आतच राहिली. मी पुढं हात टेकले, आणि तिनं निऱ्या सोडून खाली वाकून माझा चिखलाचा हात दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. मेंदीवर चिखल, बांगड्यांवर चिखल. सगळं गाव बघत होतं.

मांडवात लग्न लावणाऱ्या स्वामींनी आमच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी हात धुऊन या." मी उठायला लागलो. ती उठली नाही.

"राहू द्या स्वामी," ती म्हणाली, "सुरू करा."

मी परत खाली बसलो आणि आपणहून तिचा हात धरला.