मोठेबाबांचे हात

लहान पोर जवळ आलं की मोठेबाबा दोन्ही हात पाठीमागे बांधतात. फुलसावंगीत कोणालाही विचारा, कारण सांगतील: "फवाऱ्याच्या हातानं पुतणीले उचललं, पोरगी गेली." हे खोटं आहे. आणि ते आमच्याच घरातून गावभर गेलं.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, नामदेव. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आम्हा दोघी बहिणींवर, त्यातही धाकट्या गुड्डीवर, त्यांचा भारी जीव. वावरातून आले की आंघोळ करून तिला खांद्यावर घ्यायचे. "घोडा का फुकट चालते? गूळ आण पहिले," म्हणायचे. ती खरंच गूळ आणायची.

पोळ्याच्या सुमाराला गुड्डी सकाळी उठल्या उठल्या ओकायला लागली. डोकं दुखायचं, चालताना तोल जायचा. कपाशीवर फवारणी जोरात होती, आणि त्या दिवसांत आमच्याकडे कोणी ओकलं की सगळे फवारणीचं विष अंगात गेलं असंच धरतात. आजी म्हणाली, "नामदेवा, पंप उतरवला अन् तशीच उचलली ना पोरीले?"

"आंघोळ केलती वं माय," एवढंच ते बोलले. विषबाधा म्हणून गुड्डीला सलाईन लागत राहिलं. आजी दारात येईल त्याला फवाऱ्याचं सांगत राहिली. मोठेबाबा राखेनं हात घासायचे, कातडं सोलेपर्यंत.

शेवटी नागपूरला नेलं तेव्हा कळलं, गुड्डीच्या मेंदूत मागच्या बाजूला कॅन्सरची गाठ आहे. लहान मुलांत क्वचितच होते म्हणे. डॉक्टर म्हणाले, "ही विषबाधा नाहीच. अशी गाठ का होते ते आम्हालाही सांगता येत नाही. पण यात घरच्या कोणाचा दोष नाही." मोठेबाबा दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले.

घरी आल्यावर मात्र कॅन्सर हा शब्द कोणी तोंडातून काढेना. माझ्यासाठी मारेगावचं स्थळ बोलणीत होतं. घरात कॅन्सर म्हटलं की पाहुणे पाठ फिरवतात. आई-बाबा गप्प बसले. मीही बसले, मला मुलगा आवडला होता. मोठेबाबाच म्हणाले, "राहू द्या. फवाऱ्याचंच राहू द्या. माह्याशी कोणाले सोयरीक करा लागते?"

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. गुड्डी वर्षभर राहिली, मग गेली. गल्लीतल्या बाया मोठेबाबांना पाहून पोरं आत ओढू लागल्या, तेव्हापासून ते आपणहून हात बांधतात. माझं लग्न थाटात झालं. त्या थाटाची मला आजही लाज वाटते.

मागच्या महिन्यात ते माझी मुलगी पाहायला मारेगावला आले. पिशवीत गुळाची ढेप होती. मुलगी रांगत गेली आणि त्यांचं धोतर धरून उभी राहिली. सासूबाई चटकन उठल्या, तिला उचलून घेतलं. "लक्ष ठेवत जा वं, सूनबाई," म्हणाल्या, मोठेबाबांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मोठेबाबांचे हात आधीच मागे गेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, बोलू नको म्हणून. एकच वाक्य बोलायचं होतं, आणि सासूबाई समोरच उभ्या होत्या.

मी म्हणाले, "बसा मोठेबाबा, चहा टाकते."