बायकोची ट्रान्सफर

माझी बायको गेल्या वर्षी वारली. भेटायला आले ते सगळे म्हणाले, फार सोशिक होती, हाताला चव होती. खोटं आहे. सोशिक ती अजिबात नव्हती आणि आमटीत मीठ कायम जास्त. तिच्यात जे होतं ते कुणी बोललंच नाही, म्हणून मी लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

तेव्हा आम्ही बहरीनला होतो. कुवेतची लढाई संपून दोन-चार वर्षं झाली असतील. मी मुहर्रकला एका अरबाच्या वर्कशॉपमध्ये सुतार म्हणून लागलेलो. पुढे फोरमन झालो, म्हणून फॅमिली आणता आली. हूरा नावाच्या वस्तीत एका शिंप्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. मुलगी नववीत. बायको बारावी झालेली, म्हणजे माझ्या कितीतरी पुढे, आणि भांडणात ते ती मला विसरू द्यायची नाही.

तिथे तिने एका छोट्या कॉलेजात संध्याकाळचा दोन वर्षांचा अकाउंट्सचा कोर्स केला. कॉलेज कसलं, एका इमारतीतला एक मजला, खाली शोरम्याचं, म्हणजे रोटीत गुंडाळलेल्या भाजक्या मटणाचं दुकान. घरी आली की वह्यांनासुद्धा शोरम्याचा वास. कोर्स संपत आला तसं मला वाटलं, खलास, झालं हिचं शिक्षण. तर एक दिवस जेवताना म्हणते, "अहो, मला ट्रान्सफर घ्यायचीय."

माझा घास हातातच राहिला. गल्फमधल्या कामगाराला ट्रान्सफर म्हटलं की एकच कळतं. ज्या मालकाच्या नावावर आपला व्हिसा तो आपला कफील. त्याला सोडून दुसऱ्याकडे जायचं ती ट्रान्सफर. त्याला आधीच्या कफीलचं रिलीज लागतं, आणि ते काही सुखासुखी मिळत नाही. चांगले दांडगे बाप्ये त्यापायी रडताना मी बघितलेत.

"कॉलेज रिलीज देतंय का पण?" मी म्हटलं. "देत नसतील तर मी येतो. प्रिन्सिपॉलचे पाय धरतो. नाहीतर त्याच्या घरचं एखादं कपाट करून देतो."

तिला हसता हसता ठसका लागला. मुलगी तिच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "बाबा, इट्स नॉट लाइक दॅट!"

मग तिने मला नीट सांगितलं. सनद गावाच्या पुढे मोठी युनिव्हर्सिटी आहे. इथली दोन वर्षं धरून तिथे एकदम तिसऱ्या वर्षाला बसता येतं, मग डिग्री. पण परदेशी लोकांना जागा मोजक्या आणि अर्ज करणारे ढीगभर, त्यातले बहुतेक तिच्या निम्म्या वयाचे.

"आणि रिलीज म्हणाल," ती डोळे पुसत म्हणाली, "तर ते तुम्हीच द्यायचं. माझा व्हिसा तुमच्या नावावर. माझे कफील तुम्ही."

खरंच होतं ते. युनिव्हर्सिटीला नवऱ्याचं ना-हरकत पत्र हवं होतं. मालकाला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो. उभा जन्म अरबाबपुढे हात बांधून उभा राहिलेला मी, त्या दिवशी स्वतः अरबाब झालो. पाय पसरून बसलो. ती समोर हात जोडून उभी. "अरबाब, रिलीज द्या."

"बुकरा," मी म्हटलं. बुकरा म्हणजे उद्या. सगळे कफील हेच सांगतात, आणि तो उद्या काही उजाडत नाही.

"बरं. मग भाकरीपण बुकरा. इंशाल्ला."

सही लगेच केली. तेव्हापासून घरात माझं नावच अरबाब पडलं. अरबाब, कचरा खाली न्या. अरबाब, घोरू नका. आता मला तसं म्हणणारं कुणी नाही. कचरा मीच नेतो, सांगायला कुणी लागत नाही.

इंटरव्ह्यूची तारीख आली तशी तिची थट्टामस्करी बंद झाली. मुलगी तिच्याकडून इंग्रजी बोलून घ्यायची, मध्येच मराठी निघालं की "आई, ओन्ली इंग्लिश!" म्हणून ओरडायची. एकदा मी म्हटलं, "नाही झालं तर नाही झालं."

"हो तर," ती म्हणाली. "स्वयंपाक आहेच की."

असं बोलून ती कणीक तिंबत राहिली. कणकेला एवढं तिंबायची गरज नव्हती. मी देवाकडे कधी काही मागत नाही, पण त्या दिवशी मागितलं.

इंटरव्ह्यूला मीच वर्कशॉपच्या पिकअपने नेलं. बाहेर आली, गाडीत बसली आणि दार असं आपटलं की काच हलली.

"हसले मला."

"कोण?"

"तिघंही. विचारलं, घरून हरकत नाही ना? मी घाबरून बोलून गेले, नो सर, माय अरबाब गेव्ह मी रिलीज. आधी बाई हसली, मग ते दोघे. मग मला पाणी दिलं. गेलं सगळं."

ती रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, हसलेला माणूस तोंडावर दार लावत नाही."

"तुमचं सुतारकाम राहू द्या आता."

निकाल बोर्डावर लागला त्या दिवशी ती पिकअपमधून उतरेचना. म्हणाली, तुम्ही बघून या.

"मला इंग्रजी कुठं येतंय?"

"माझं नाव तर येतं ना वाचता?"

येत होतं, पण बोर्डावर अक्षरं मुंग्यांएवढी आणि पुढे पोरांची ही गर्दी. काळा अबाया घातलेली एक मुलगी म्हणाली, "युवर डॉटर?"

"नो. माय वाइफ."

तिने माझ्याकडे बघितलं, नाव विचारलं आणि "यल्ला, यल्ला" करत पोरांना बाजूला सारलं. काचेवरून तिचं बोट खाली खाली गेलं आणि थांबलं.

मी गाडीकडे आलो. बायको पदर तोंडात धरून बसलेली.

"काय झालं?"

"उतर आणि बघ."

"अहो, सांगा ना!"

"उतर म्हणतो ना."

उतरली. मी मागोमाग. तिने बोर्डाच्या काचेवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचत गेली. मग हळूच म्हणाली, "अहो, एक अक्षर जास्त पडलंय माझ्या नावात."

"मग? तुझं नाही की काय ते?"

"माझंच आहे," ती म्हणाली, आणि बोट काही उचलेना. मागे पोरं खोळंबली होती, कुणीतरी कुरकुरलं. मी वळून त्यांना हातानेच सांगितलं, थांबा जरा.