भोंग्याचा आवाज

कारखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणत. पत्रा कापणाऱ्या यंत्रापाशी उभं आयुष्य गेलेलं; कानांना थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून बोलणं सारं खड्या आवाजात. साधं ‘पाणी दे’ म्हटलं तरी शेजारचे दार उघडून बघत.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, आशाच सोडली होती तेव्हा, मुलगी झाली. बायको बाळाला घेऊन घरी आली, तसा हा आनंदानं ओरडला, “आलं का माझं पाखरू!”

पाखरू दचकलं. दोन्ही हात हवेत फेकले गेले, बोटं ताणली आणि इवल्याशा तोंडातून असा टाहो फुटला की भोंग्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

“जावईबापू, आवाज तेवढा कारखान्यात ठेवून येत जा,” मदतीला आलेल्या सासूबाई म्हणाल्या.

त्यानं ते मनाला लावून घेतलं. घरात मुकाच झाला. मीठ हवं असलं तरी खुणा करी. बाळाला लांबूनच बघायचा. जवळ जायची छाती होईना. बायको म्हणायची, “अहो, घ्या ना जरा.” हा मान हलवून गॅलरीत जायचा. बाप म्हणजे दचकवणारा माणूस, असं तिच्या मनात बसलं तर?

मग एका सुट्टीच्या दुपारी सासूबाई बाजारात गेल्या होत्या. बायकोचा नुकताच डोळा लागला होता. शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं. एवढ्यात ओट्यावरून ताट घसरलं आणि फरशीवर खणखणलं. बाळ दचकून रडायला लागलं.

भोंग्यानं आधी बायकोच्या खोलीकडे पाहिलं. मग तो बाळापाशी गेला. तिचा चेहरा लालबुंद, हात हवेत थरथरत होते. जणू खाली पडतेय आणि धरायला काही सापडत नाही.

त्यानं तळवा हळूच तिच्या छातीवर ठेवला. भिरभिरणारे दोन्ही हात गोळा करून पोटाशी आणले आणि तसेच धरून ठेवले. आत काळीज धडधडत होतं. मानेखाली हात घालून त्यानं तिला सावकाश उचललं, छातीशी घेतलं. तरी रडणं थांबेना.

आणि मग न राहवून तो बोलला. शक्य तितकं हळू. पण भोंग्याचं हळू ते केवढं! घोगरं, जाडं, घुमणारं.

“काही नाही गं बाई. ताट पडलं. तुझ्या बापाचंच काम. धुतलं आणि काठावर ठेवलं, अक्कल गहाण टाकलेली...”

बोलला आणि घाबरून गप्प बसला. बाळाचा हुंदका अर्ध्यावर थांबला होता. कान त्याच्या छातीला चिकटलेला. तो गप्प होताच तिचे ओठ पुन्हा थरथरले.

“थांबलात का? बोला ना,” दारातून आवाज आला. बायको उभी होती, केस विस्कटलेले, डोळे भरलेले. “पोटात असल्यापासून हाच आवाज ऐकतेय ती. दोन आठवडे झाले, तिला तो सापडत नव्हता.”

मग तो बोलतच राहिला. साहेबाचं टक्कल, डब्यातली भाजी, यंत्राला लागणारं तेल, सुचेल ते. बाळाची मूठ सैल झाली, श्वास संथ झाला.

सासूबाई परतल्या तेव्हा हा खुर्चीत ताठ बसलेला.

“द्या इकडे, हाताला मुंग्या आल्या असतील.”

“येऊ देत,” भोंगा म्हणाला. त्या घुमत्या आवाजानं बाळानं झोपेतच अंग आणखी सैल सोडलं.