न्यायाधीशाची बायको बोटीतून उतरली

माणसावर अशी कुठलीच वेळ येत नाही, जी आधी एखाद्या थोर कादंबरीत येऊन गेलेली नाही, असं बाइंडरकाकांचं ठाम मत होतं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे बांधायला येत. खळ वाळेपर्यंत हात रिकामे, तेवढ्यात ते वाचून काढत आणि वाचलेलं लगेच कोणाच्या तरी गळ्यात मारत. शेजारच्या शिंप्याचं दुकान चालेना, तर त्याला त्यांनी राज्य गमावलेल्या राजाची गोष्ट ऐकवली. तेव्हापासून काका दिसले की शिंपी दार लोटून घेई.

बाहेरच्यांचं एक वेळ ठीक होतं. पण एकदा काकू म्हणाल्या की गुडघा फार दुखतोय, आज भाजी तुम्ही आणा. त्यावर काकांनी वाळवंट अनवाणी तुडवणाऱ्या एका नायिकेचा दाखला दिला. काकूंनी शांतपणे पिशवी भरली.

"आता तिच्याच हातचं जेवा," म्हणाल्या, आणि बहिणीकडे निघून गेल्या.

काका त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. पण माघार घेतील तर ते काका कसले! शिवाय मार्गदर्शन हाताशीच होतं. नुकत्याच बांधून झालेल्या एका जुन्या कादंबरीत न्यायाधीशाची बायको अशीच रुसून घर सोडते. न्यायाधीश ना चिठ्ठी धाडतो, ना निरोप. ताठ मानेने गप्प बसतो. अर्ध्या पुस्तकात तो एकाएकी खलाशी होतो. दुःखाने माणूस पेशासुद्धा बदलतो आणि थोर लेखक सगळंच उलगडून सांगत नाहीत, असा काकांनी त्याचा अर्थ लावला. शेवटी बायको बोटीतून उतरते आणि धावत येऊन नवऱ्याला मिठी मारते.

झालं. काकाही गप्प बसले. भात रोज करपत होता, घर खायला उठलं होतं. गुडघा सुजल्याचा मेहुणीचा निरोप आला, तरी ते बधले नाहीत. बोट येण्यासारखं गावात पाणी नव्हतं, म्हणून संध्याकाळी बसथांब्याकडे तेवढे डोळे लावून बसत.

अशात एके दुपारी ग्रंथपालबाई तीच कादंबरी घेऊन आल्या. वाचकाची तक्रार होती. एकाच आकाराच्या, एकाच टाइपातल्या दोन कादंबऱ्या काकांनी एकाच टेबलावर उसवल्या होत्या आणि शिवताना एकीचे फर्मे, म्हणजे पानांचे गठ्ठे, दुसरीत घातले होते. पुढचा अर्धा भाग न्यायाधीशाचा होता, मागचा कुणा खलाशाचा. पानांचे आकडे लागोपाठ जुळले, म्हणून काकांना संशयही आला नाही.

आयुष्यभराच्या कामाला बट्टा लागला होता, पण काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मग न्यायाधीशाची बायको परत कधी येते?"

"ती कुठली येते? तो शेवटपर्यंत ताठच राहतो. शेवटच्या पानावर म्हातारा पोपटाशी गप्पा मारत बसलेला असतो."

काका उठले. बाई पुस्तकाचं काय करू विचारत राहिल्या आणि काका चालू बसमध्ये चढलेसुद्धा. वाटेत त्यांनी सगळे नायक आठवून पाहिले. एकेकाची क्षमायाचना दोन-दोन पानांची होती, पण त्यातलं एक वाक्य कामाचं निघेना. काकांना आता खरोखर भीती वाटत होती.

मेहुणीच्या घरी काकू पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"माझं चुकलं," काका म्हणाले. "घरी चल. भाजी मी आणीन."

काकूंनी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं?"

"कुठल्याच नाही."

"मग हात द्या," काकू म्हणाल्या. "मला एकटीला उठवत नाही."